बायका, चौकी आणि कायदा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "यंदा तुम्ही बोला" म्हणून गळ घातली, तेव्हा मला वाटले, पोह्याच्या पापडांविषयी किंवा कोकमाच्या आगळाविषयी बोलायचे असेल. पण त्या म्हणाल्या, "पापड दरवर्षी होतात. तुम्ही पेपर वाचता, त्यातले काही सांगा." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढच्या शाळेला कर्जतला जावे लागे आणि घरात धाकटी भावंडे होती, म्हणून ते राहिले ते राहिलेच. तेव्हा चुकलेमाकले पदरात घ्या.

आमच्या घरी पेपर वाटून वाचतात. कंपनीवाल्यांचे कोर्टातले तंटे आमचे हे वाचतात, कारण दीर खोपोलीला कारखान्यात आहेत. निवडणुकीत कोणाचा अर्ज बाद झाला, कोणाचे पद कोर्टाने घालवले, ते मामंजी वाचतात. खून-दरोड्यांच्या बातम्या मुलगा वाचतो. कोर्टाचे निकाल बायकांनी कशाला वाचायचे, असे मलाही वाटे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे ऐकतच मी मोठी झाले. पण आपण कोर्टाची पायरी चढलो नाही तरी चौकीची पायरी आपल्याला चुकत नाही. कधी आपण चढतो, कधी आपल्यामुळे दुसरी चढते. माझ्यामुळे एक चढली. तेच आज सांगायचे आहे.

ही गोष्ट माझा धाकटा पहिलीत होता तेव्हाची. आमच्याकडे जवळच्या कातकरी वाडीवरची एक बाई निदणीला, कापणीला आणि भांड्यांना येई. नाव सांगत नाही. दिवाळीच्या तोंडावर सासूबाईंच्या पाटल्या सापडेनात. पेटी उपसली, माळा उपसला. मग कोणीतरी म्हणाले, "आतबाहेर करणारी एकच आहे." ते कोणीतरी म्हणजे मीच, मैत्रिणींनो. ह्यांनी चौकीवर तक्रार दिली. त्याच दिवशी दिवेलागणीला तिला घेऊन गेले. तिचे मूल अंगावर पिणारे होते. रात्रभर ती तिथेच. सकाळी तिची सासू मूल घेऊन चौकीच्या पायरीवर बसली होती, ते मी दळणाला जाताना पाहिले आणि पदर पुढे ओढून निघून गेले. दुपारी तिला सोडली. चौथ्या दिवशी पाटल्या तांदळाच्या कणगीत सापडल्या. नवरात्रात माहेरी जाताना सासूबाईंनीच त्या तिथे लपवल्या होत्या आणि विसरल्या होत्या.

ह्यांनी जाऊन तक्रार मागे घेतली. मी तिच्याकडे पायली तांदूळ पाठवले. तिने ते परत केले नाहीत, कारण घरात खायला नव्हते. आत काय झाले ते तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्या वर्षी ती माणसे वीटभट्टीवर लवकर गेली.

पुढे काही वर्षांनी ग्रामपंचायतीत कायद्याचे शिबिर झाले. तिथल्या वकीलबाईंनी जे सांगितले, ते ऐकताना मला सारखी ती पायरी दिसत होती. घरी येऊन मी ते वहीत उतरवले. नंतर भाचीकडून मूळ निकालही मराठीत समजावून घेतला. तोच आता सांगते.

शीला बर्वे नव्हे, शीला बरसे. नाव मीही आधी चुकीचेच ऐकले होते. ह्या मुंबईच्या पत्रकार. 1982 च्या मे महिन्यात त्यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या पंधरा बायकांची गाठ घेतली. पंधरांपैकी पाच जणींनी सांगितले, की पोलीस कोठडीत आम्हांला मारहाण झाली. बरसेबाईंनी थेट सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. मग मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात पाठवले, बायकांना एकट्याने भेटून खरेखोटे कळवा म्हणून. पोलीस बाजूला उभे असले म्हणजे बाई काय बोलणार? ही मेख न्यायालयाला कळली, याचे मला फार बरे वाटले.

15 फेब्रुवारी 1983 रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला. बऱ्या वस्तीतल्या चार-पाच कोठड्या निवडाव्यात, तिथे फक्त बायकांना ठेवावे आणि पहारा महिला शिपायांचा असावा. बाईची चौकशी महिला पोलीस हजर असल्याशिवाय करू नये. वॉरंटावाचून धरले तर का धरले ते तिथल्या तिथे सांगावे आणि जामीन मिळत असेल तर तेही सांगावे. तिने सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा ओळखीच्या माणसाला लगेच कळवावे, कायदा-मदत समितीलाही कळवावे. मॅजिस्ट्रेटसमोर नेले, की त्यांनी आपणहून विचारावे, "तुला कोणी मारले का?" आणि डॉक्टरी तपासणी करून घेण्याचा तुझा हक्क आहे, हेही सांगावे. मुंबईत सत्र न्यायाधीशाने, शक्यतो बाई न्यायाधीशाने, न कळवता कोठड्या बघाव्यात.

आणि एक गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. पकडलेल्या माणसाचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावेत, असे निकालात सांगितले आहे. नुसते लावायचे नाहीत, त्या माणसाला कळेल त्या भाषेत वाचून दाखवायचे. ज्याला अक्षर येत नाही त्याचाही विचार केला आहे. आमच्या त्या बाईला अक्षर येत नव्हते.

चौकीवर बोलावणे आले म्हणजे आपण निमूटपणे जातो. पण तपासासाठी बाईला तिच्या राहत्या घराबाहेर बोलावू नये, घरीच येऊन विचारावे, असा कायदा फार पूर्वीपासून आहे. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना पोलीस ठाण्यात बोलावले, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि 1978 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी पोलिसांना हाच नियम दाखवला. मुख्यमंत्री राहिलेल्या बाईला नियम ठाऊक असतो. वाडीवरच्या बाईला कोण सांगणार?

अंधार पडल्यावर बाईला अटक करण्याचेही तसेच आहे. नागपूरला पोलीस कोठडीत एक माणूस मेला. त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1994 साली सांगितले, की महिला शिपायाशिवाय बाईला धरू नये आणि सूर्यास्तानंतर, सूर्योदयापूर्वी तर मुळीच नाही. 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने ते सैल केले. महिला शिपाई मिळत नाही म्हणून गुन्हेगार बाई पळून जाईल, अशी पोलिसांची अडचण होती. तीही अगदीच खोटी नव्हे. पण 2005 च्या दुरुस्तीने ते कायद्यातच आले. रात्री बाईला अटक करायची तर कारण अपवादाचे हवे, महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल द्यायला हवा आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी. 1 जुलै 2024 पासून फौजदारी कामाचे जुने पुस्तक जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, हे नियम तसेच राहिले.

आमच्या बाईला नेले तेव्हा दिवे लागले होते. "अटक नव्हे, नुसती चौकशी" असे म्हणाले होते. नुसती चौकशी होती तर घरी यायचे होते, आणि अटक होती तर रात्रीची परवानगी कुठे होती? हा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता. मी तक्रारदाराची बायको होते. माझे ऐकले असते.

महिला शिपाई आली म्हणजे सगळे भागले, असे मात्र समजू नका. 2017 च्या जूनमध्ये भायखळ्याच्या महिला तुरुंगात एका बंदिनीचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्या आरोपाखाली ज्या सहा जणींना अटक झाली, त्या तुरुंगातल्या महिला कर्मचारीच होत्या. म्हणून बाहेरच्या माणसाचे न कळवता येणे हवे. बरसेबाई काय, देसाईबाई काय, बाहेरूनच गेल्या होत्या.

आता आपल्याकडचे. कर्जतला कोर्ट आहे, खालापूरलाही आहे. फुकट वकील मिळण्याची सोय तिथल्या तालुका विधी सेवा समितीत होते. बाईला तो मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. 1987 च्या कायद्याने प्रत्येक बाईला तो हक्क दिला आहे, नवऱ्याचा पगार कितीही असो. कोठडीतल्या माणसालाही आहे. फोन करायचा तर 15100. हा आकडा गॅसच्या नंबराशेजारी भिंतीवर लिहून ठेवा. घरच्यांनी हसू केले तरी चालेल. आमच्याकडे केले.

ती बाई अजून येते, आता तिच्या सुनेला घेऊन. हे सभेत सांगू का, म्हणून मी तिला विचारले. ती थोडा वेळ भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "सांगा वहिनी. पण आमचं पोर बाहेर रडत होतं, ते बी सांगा." म्हणून सांगितले.

तो कागद आपल्या भागातल्या कोठड्यांत लागलेला आहे की नाही, हे मला पाहायचे आहे. भांडायला जायचे नाही. साहेबांना आधी अर्ज द्यायचा, वेळ घ्यायची आणि चौघीपाचजणींनी मिळून जायचे. कागद नसेल तर मंडळाच्या खर्चाने छापून देऊ. त्या बाईला चल म्हटले, तर ती त्या पायरीवर पुन्हा चढणार नाही म्हणाली, आणि मी आग्रह केला नाही. माझे नाव पहिले लिहिले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी चहा झाला की चिटणीसबाईंच्या वहीत नाव द्यावे. अर्ज शुद्ध मराठीत लिहील अशी एक तरी हवी, कारण माझ्या ऱ्हस्वदीर्घाचे काही खरे नाही.