गेलेल्या कलावंतांची आठवण
(वाशीम जिल्ह्यांतील एका खेड्यांत भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



आज आपण येथें जमलों आहों तें कोणाचें श्राद्ध घालण्यासाठीं नव्हे. श्राद्धाला भट लागतो, दक्षिणा लागते. ज्यांनीं आपणांस हंसविलें, रडविलें, त्यांची आठवण काढावयास मध्यस्थ कशाला?

पोहरादेवीचे रामराव महाराज आक्टोबर २०२० अखेर गेले, तेव्हां आपल्या जिल्ह्यांतील तांडेच्या तांडे रडले. त्या दुःखांत लहानथोर सामील झाले, तें योग्यच झालें. परंतु त्यानंतर सातव्या महिन्यांत आणखी एक माणूस गेलें. त्याची बातमी आपल्या गांवीं पोंचली तरी का?

कांताबाई सातारकर ता. २५ मे २०२१ रोजीं संगमनेर येथें कोरोनानें वारल्या. वय ८२. दुसऱ्या दिवशीं बुद्धपौर्णिमा होती. ज्यांस तमाशाचा धंदा ठाऊक आहे ते जाणतात कीं, फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास घुंगरूं सोडतो. एरवीं त्या रात्रीं कोठें तरी शेवटची सुपारी वाजत असते. परंतु २०२० व २०२१ हे दोन्ही चैत्र जत्रांवांचून गेले; आपल्या पोहरादेवीची रामनवमीची यात्राहि भरली नाहीं. शेतकऱ्याचा एक हंगाम बुडाला तर सावकार दारांत उभा राहतो, हें आपणांस सांगावयास नको. तमासगिराचे दोन बुडाले, आणि त्याला बांधावरची तूर देखील नाहीं.

बाईंचा जन्म १९३९ सालचा, दगडखाणीवर राबणाऱ्या आईबापांच्या पोटीं. तुकाराम खेडकरांच्या फडांत त्या नांवारूपास आल्या. १९६४ सालीं खेडकर वारले. पदरीं लहान मुलें. तरी बाईंनीं पुन्हां फड उभा केला आणि पुढें मुलगा रघुवीर यास बरोबर घेऊन चालविला. फड चालविणें म्हणजे काय? पन्नास-शंभर माणसें, ट्रक, तंबू, दोन वेळचा स्वयंपाक, कोणाचें आजारपण, कोणाची उचल, आणि डोक्यावर कर्ज. हा गाडा एका विधवेनें ओढला.

त्यांस सरकारचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला, तो विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर यांच्या नांवाचा. विठाबाई २००२ च्या जानेवारींत गेल्या. त्या खेळ चालू असतां बाळंत झाल्या, दगडानें नाळ तोडली व पुन्हां बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत आपण कौतुकानें सांगतों. कौतुक कसलें? खेळ थांबला तर फडाची चूल थांबत होती, म्हणून ती माउली उठली. राष्ट्रपतींच्या हातून मान घेतलेल्या या बाईंच्या दवाखान्याचें बिल अखेरीस लोकांच्या मदतींतून भरावें लागलें.

आपली चळवळ तर या लोकांची ऋणी आहे. महात्मा जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला. पुढें त्यांचा विचार खेड्यापाड्यांत कोणीं नेला? पुस्तकें वाचतां येणारे किती होते? जलसेवाल्यांनीं नेला. आणि जलसा म्हणजे तमाशाचाच साज : तोच डफ, तेंच तुणतुणें, तोच सोंगाड्या, फक्त वगांत भटाच्या पोथीची उलटतपासणी. तमासगिराच्या खांद्यावर बसून सत्यशोधक गांवांत शिरला.

ता. १० डिसेंबर २०२२ रोजीं सुलोचना चव्हाण मुंबईंत वारल्या. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, हातवारे न करतां लावणी गाणारी ही बाई. आचार्य अत्र्यांनीं तिला लावणीसम्राज्ञी म्हटलें. सरकारला पद्मश्री द्यावयास २०२२ साल उजाडावें लागलें! पळसखेडचे ना. धों. महानोर ३ आगष्ट २०२३ ला गेले. शेतांत राबणारा माणूस कवि होतो हें त्यांनीं दाखविलें. त्यांच्याविषयीं वर्तमानपत्रांनीं पुष्कळ लिहिलें आहे, म्हणून आम्ही अधिक बोलत नाहीं.

आतां आपल्या घरचें बोलूं. रात्रीं शिट्टी मारणारा आणि सकाळीं 'तमाशावाली' हा शब्द शिवीसारखा वापरणारा माणूस एकच असतो. एका गांवीं, नांव सांगत नाहीं, गांव आपल्यापैकींच आहे, जत्रेच्या मंडळींनीं खेळ संपल्यावर ठरलेल्या सुपारींतून रक्कम कापली. सबब काय, तर मध्यें पाऊस आला. पाऊस काय फडानें आणला होता? पहाटे बायांना अंघोळीला आडोसा नव्हता. लुगडीं धरून त्या एकमेकींचा आडोसा झाल्या. हें आमच्या डोळ्यांदेखत घडलें, आणि आम्ही गप्प बसलों.

म्हणून पंचांपुढें आमचें मागणें आहे. येत्या चैत्रांत जो फड, जी दंडार, जें भजनी मंडळ येईल, त्याची सुपारी आगाऊ कागदावर लिहून द्यावी व खेळाच्या रात्रींच चुकती करावी. बायांसाठीं शाळेच्या दोन खोल्या उघडाव्या. गुरुजींस आम्हीं विचारलें आहे, त्यांची ना नाहीं. सुतार-लोहार बंधूंनीं न्हाणीचा आडोसा बिनमजुरीनें उभारण्याचें कबूल केलें आहे. पत्र्यांचा खर्च तेवढा वर्गणींतून द्यावा लागेल. भाकरीचें काय तें आयाबहिणींनीं आतांच सांगावें, कारण डफवाले केव्हांचे खोळंबले आहेत. आम्ही खालीं बसतों.