होळीनंतरची बॅच



लोणार म्हटलं की सरोवर. उल्का आदळली, काळ्या खडकात पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला, २०२० साली पाणी गुलाबी झालं आणि त्याच वर्षी रामसरच्या पाणथळ जागांच्या यादीत नाव लागलं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण इथल्या डोंगरात काच आणि साबण करायला लागणारं सगळं सापडतं, अशी नोंद ‘आईन-इ-अकबरी’त आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. कच्चा माल देणारं गाव, ही आपली ओळख जुनी आहे. आता तो माल म्हणजे आपली पोरं. दहावी-बारावीत अडकली, की पुण्याच्या गाडीत बसतात आणि हेल्पर म्हणून लागतात.

या पोरांना शिकायचंच नसतं, असं आपण पारावर बसून म्हणतो. जरा हिशेब मांडा. लोणारहून जिल्ह्याचं ठिकाण बुलढाणा नव्वद किलोमीटरच्या वर. रोज जाऊन-येऊन वायरिंग शिकणं होत नाही. खोली घ्यावी तर भाडं, डबा. आणि घरात येणारी मजुरी बंद होते ती वेगळीच.

यातला निम्मा प्रश्न निवासी प्रशिक्षणानं सुटतो. कर्नाटकात धर्मस्थळाजवळच्या उजिरे गावी १९८२ मध्ये मंदिराचं विश्वस्त मंडळ आणि दोन बँका एकत्र आल्या आणि बेरोजगार तरुणांना फुकट राहायला, जेवायला देऊन धंदा शिकवू लागल्या. त्याच धर्तीवर पुढे देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत अग्रणी बँकांनी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था काढल्या. लोक त्यांना ‘आरसेटी’ म्हणतात. आपल्या जिल्ह्याचीही आहे. शेळीपालन, शिवणकाम, मोटार रिवाइंडिंग, मोबाइल दुरुस्ती असे थोड्या दिवसांचे वर्ग, आणि नंतर बँकेच्या कर्जासाठी पाठपुरावा. नोकरीच हवी असेल तर २०१४ पासून ग्रामीण कौशल्य योजना आहे, ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत.

पण राहणं म्हणजे नुसता पलंग आणि ताट नव्हे. हे फार आधी ओळखलं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी. मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून १९८३ मध्ये ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आले. पाबळही आपल्यासारखंच, पावसाची वाट बघणारं. शाळेत नापास झालेली पोरं त्यांच्या विज्ञान आश्रमात वर्षभर राहत. वेल्डिंग, बांधकाम, शेती, जनावरं, सगळं हातानं करत. आणि गावाची खरी कामं करून त्याचे पैसे घेत. गिऱ्हाइकाचं फाटक वाकडं झालं तर ते सरळ करून द्यावं लागे. वर्गात बसून हे कुणाला शिकवता येत नाही. मला तरी प्रमाणपत्रापेक्षा ते सरळ केलेलं फाटक मोठं वाटतं.

उरला दुसरा निम्मा प्रश्न, बुडणाऱ्या मजुरीचा. त्यावर कुठल्याच योजनेत पुरतं उत्तर मला दिसत नाही, पण एक साधी गोष्ट करता येईल. बॅच कधी सुरू होते ते बघा. सोयाबीनची सोंगणी ऐन भरात असताना पोरगं वर्गात बसणार नाही; बसलं तरी बाप न्यायला येईल. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं ऊसतोडीला जातात. कोरडवाहू शेतीत हात मोकळे असतात ते होळीपासून मृगापर्यंत. तेव्हा लोणार, मेहकर, सिंदखेडराजाच्या पोरांच्या लांब मुदतीच्या बॅचेस होळीनंतर लावा. आर्थिक वर्षाच्या कागदांना मार्च-एप्रिल अडचणीचे, हे मला कळतं. पण कागद थांबू शकतात, सोयाबीन थांबत नाही.

आणि तरुण मित्रांनो, तुमच्यासाठी एवढंच. वय अठराच्या पुढं असेल तर आधार कार्ड आणि रेशन कार्ड घेऊन बुलढाण्याच्या आरसेटीत एकदा जाऊन या. जमत नसेल तर गावातल्या बचत गटाच्या ताईंना विचारा. ‘उमेद’चं काम त्यांना माहीत असतं. पुढची बॅच कधी, हे विचारा. आणि ती सोंगणीत येत असेल तर तसं तोंडावर सांगा.