परूशी आणि जकातदार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या जाम नदीकाठी माणसांची दाटी होते. पात्राच्या मध्यावर पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावलेला असतो. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मध्ये दगडांचा वर्षाव. ही गोटमार का सुरू झाली याविषयी दंतकथा अनेक, एकमत नाही. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, काही प्राणांसही मुकली आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रयत्नही झाला, तो टिकला नाही. कारण कोणास नक्की ठाऊक नाही, तरी काठाचा अभिमान सुटत नाही.

नदीवर न जाणाऱ्या ख्रिस्ती मनुष्याने मात्र आपण या दोषापासून मुक्त आहो असे समजू नये. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके 2023 साली छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आले. संत्र्यांच्या या मराठी मुलखात ख्रिस्ती घरे थोडी. थोडक्या मंडळीत कोण आधीचा, कोण मागाहून आलेला, कोणाचे आजोबा कोणत्या जातीतून आले, हा हिशेब फार लवकर मांडला जातो. तेथे दगड लागत नाही, एक शब्द पुरतो.

प्रभू येशूच्या दृष्टांतातील परूशी खोटे बोलत नव्हता. त्याचे उपवास खरे होते, दशमांशही खरा होता. त्याला ठाऊक नव्हते ते एवढेच, की मागे उभ्या राहिलेल्या जकातदाराची प्रार्थना देवापर्यंत पोहोचली आहे. गर्वाने त्याला मागे वळून पाहू दिले नाही. म्हणून त्याचे अज्ञानही तसेच राहिले.

लक्ष्मीबाई टिळकांची हकीकत या संदर्भात आठवते. टिळक दांपत्य प्रोटेस्टंट मंडळीतले. परंतु हा धडा कोणत्याही पंथाने घ्यावा असा आहे. धर्मांतरापूर्वी काही काळ नागपुरात राहिलेल्या नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई ज्या घरात वाढल्या तेथे वडिलांच्या सोवळ्याला सीमाच नव्हती. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. वियोगाच्या काळानंतर त्या पतीजवळ राहावयास आल्या, तरी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी बळजबरी केली नाही. पुढे लक्ष्मीबाईंच्या मनातच प्रश्न उभा राहिला: हा जातिभेद देवाने केला की माणसाने? तो माणसाने केला, असे उत्तर मिळताच त्यांनी वाटेल त्याच्या हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली झाला.

हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. लक्ष्मीबाईंचा अभिमान बाप्तिस्म्याच्या आधी गेला. पाळण्यातच बाप्तिस्मा झालेल्या कित्येकांचा साठीतही जात नाही! धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले सात प्रमुख पापे घडाघडा म्हणतात. गर्वाचे नाव पहिले. घरी परतताच शेजारच्या ख्रिस्ती घरी पाणी का प्यायचे नाही, हे त्याच मुलांच्या कानी पडते, आणि वर्गातला पाठ उंबऱ्याबाहेर राहतो.

लक्ष्मीबाईंनी उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. 1934 पासून तिचे भाग प्रसिद्ध झाले. त्यांत त्यांनी आपले सोवळे, आपले हट्ट, आपले अडाणीपण काहीच लपविले नाही. स्वतःला हसत हसत त्यांनी ते सारे वाचकापुढे ठेवले.