तळाशी माती, वर मासे

मत्स्यटाकी म्हटली की फिल्टरची घरघर आणि दर आठवड्याला पाणी उपसणं आठवतं. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली आलेल्या पुस्तकात निराळा मार्ग मांडला: तळाशी साधी माती घाला, भरपूर झाडं लावा आणि पाणी राखायचं बरंचसं काम झाडांवरच सोपवा.

मातीचा थर इंचभर पुरे. बागेतली चालेल, फक्त रासायनिक खत, शेणखत किंवा कीटकनाशक घातलेली नको. जाड थर घालायचा मोह अनेकांना होतो. पण मग आत प्राणवायू पोचत नाही, माती कुजते आणि सडक्या अंड्यांसारखा वास येतो. मातीवर इंचभर जाडसर वाळू पसरा. पाणी वाळूवर बशी ठेवून हळूहळू ओता, नाहीतर गढूळ रस्सा झालाच म्हणून समजा!

झाडांत मात्र कंजुषी नको. पहिल्याच दिवशी तळ बहुतेक झाकला गेला पाहिजे. व्हॅलिसनेरिया लावा, शाळेतल्या प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगातली हायड्रिला लावा. माशांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया माशांना विषारी, पण झाडांना तेच खत. सुरुवातीचे काही आठवडे मातीतूनही अमोनिया सुटतो. तेव्हा पाणी अधूनमधून बदला, अमोनियाची चाचणी करा आणि मासे नंतरच सोडा, तेही मोजके. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढायला विसरू नका.

दिवा रोज आठ-दहा तास पुरतो. पाणी हिरवं झालं, तर उजेड कमी करा. वाढलेली झाडं छाटून कुंडीत खत म्हणून टाका. ओढ्यात किंवा तळ्यात नको.