सेवण गवत व दुष्काळ-निधीचा विनियोग
(समितीच्या साधारण सभेंत झालेलें भाषण)



समितीच्या खर्चांत वैरणीच्या खरेदीची बाब मोठी असणें योग्यच आहे. भुकेल्या जनावरापुढें आजचा चारा आजच पडला पाहिजे. परंतु ज्या थरच्या वाळवंटाकरितां आपण ही वर्गणी जमवीत आहों, तेथील एका गवताचाही विचार आपण करावा, अशी माझी विनंती आहे.

त्याचें नांव सेवण. जेसलमेर, बाडमेर व बिकानेर ह्या भागांतील वालुकामय जमिनींत तें झुबक्यांनीं वाढतें. जेसलमेरास वर्षाकाठीं पाऊस सरासरीनें सुमारें ८ इंच, आणि तोही बेभरंवशाचा. बाजरी वारंवार बुडते, तेथें सेवण टिकतें. कारण तें बहुवर्षायु असून त्याचीं मुळें वाळूंत खोल जातात. पानें वाळलीं तरी ठोंब जिवंत राहतो व पाऊस पडतांच पुन्हां फुटतो. थारपारकर गाईंचें पोषण ह्याच कुरणांवर होत आलें आहे.

धान्य, पाणी व चारा ह्या तिहींची तूट पडली म्हणजे मारवाडांत त्यास 'त्रिकाळ' म्हणतात. संवत् १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा, दुष्काळ असाच होता व त्यांत गुरांचा अतोनात संहार झाला.

माझ्या वकिलीच्या धंद्यास अनुसरून एक गोष्ट सांगतों. कुरणाची नोंद दप्तरांत 'पडीक' अशी झाली म्हणजे त्यास वाली उरत नाहीं. १९५८ सालीं काम सुरू झालेल्या, व आज इंदिरा गांधी ह्यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या, कालव्याचें पाणी पोहोंचल्यावर सेवणची बरीच जमीन नांगराखालीं गेली. उखडलेलें रान सहजासहजीं परत येत नाहीं.

तथापि तें पुन्हां लावतां येतें. बीं हलकें व लवदार असल्यामुळें वाऱ्यानें उडतें. म्हणून माती, शेण व वाळू ह्यांत त्याच्या गोळ्या करून पावसाच्या आरंभीं उथळ पेरतात आणि रोपें धरेपर्यंत चराई बंद ठेवतात. जोधपुर येथें १९५९ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेनें ह्या गवताचा अभ्यास केलेला आहे. तिचा सल्ला घ्यावा.

मुद्दल राखून व्याज खावें, हें व्यापारी गृहस्थांस मीं सांगावयास नको. आणि बियाणें मोडून खाल्ल्याचा परिणाम जमीनदार जाणतातच. सेवणचा ठोंब हें त्या प्रदेशाचें मुद्दल होय. तरी निधीचा एक हिस्सा बीं, कुंपण व राखणदार ह्यांकरितां निराळा ठेवावा, व त्यासाठीं आपण सढळ हातानें साह्य करावें, अशी नम्र प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.