रेझांग ला : बर्फात जपलेली साक्ष

18 नोव्हेंबर 1962. लडाखमधल्या चुशूलजवळची रेझांग ला ही खिंड, उंची सोळा हजार फुटांहून अधिक. पहाट व्हायची होती. मेजर शैतान सिंग यांच्या हाताखाली 13 कुमाऊं पलटणीची चार्ली कंपनी तिथं मोर्चे धरून होती. सुमारे 120 जवान, बहुतेक हरियाणातले अहीर, शेतकऱ्यांची मुलं. हाती जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली. मध्ये डोंगराची धार असल्यानं आपल्या तोफांचा मारा तिथवर पोहोचत नव्हता. जे करायचं ते यांनीच. चिनी सैन्याच्या लाटांमागून लाटा आल्या, पण मोर्चा कुणी सोडला नाही. शंभराहून अधिक जवान तिथंच पडले.

वाचून परतलेल्या मोजक्या जवानांच्या सांगण्यावर आधी कुणाचा विश्वासच बसेना. याची खंत मला आजही वाटते. फेब्रुवारी 1963 मध्ये एका मेंढपाळाला ते मोर्चे दिसले, आणि मग शोधपथक वर गेलं. थंडीनं गोठलेले देह खंदकांत जागच्या जागी होते, कित्येकांच्या हातात शस्त्रं तशीच. वैद्यकीय मदतनीसाच्या हातात सिरिंज होती. जखमी मेजरसाहेब ज्या खडकाजवळ थांबले, तिथंच सापडले.

त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. कंपनीतल्या अनेकांना वीर चक्र. पलटणीला 'रेझांग ला' हा युद्धसन्मान लाभला आणि चार्ली कंपनी आता रेझांग ला कंपनी म्हणूनच ओळखली जाते.