खर्डेकर म्हणवून घेताना

आपल्याकडे ओळखीची सुरुवात ‘गाव कोणतं?’ या प्रश्नानं होते. एसटीत शेजारी बसलेला प्रवासी असो, नाहीतर मुलीसाठी स्थळ घेऊन आलेला पाहुणा. नाव मागाहून, गाव आधी. मी ‘खर्डा’ म्हणतो. तालुका जामखेड, नगरहून नव्वद-शंभर किलोमीटर, थोडं पुढं गेलं की मराठवाडा. जिल्ह्याचं नाव २०२४मध्ये अहिल्यानगर झालं. ते ज्यांच्यावरून ठेवलं, त्या अहिल्याबाईंचं चौंडीही आमच्याच तालुक्यातलं.

खर्डा म्हटलं की समोरचा खूश होतो. ‘म्हणजे खर्ड्याची लढाई!’ मग माझं आडनाव कळतं, आणि एखादा हसत म्हणतो, ‘पण शेखसाहेब, तुमची माणसं तर तिथं हरली!’ मला राग येत नाही. शाळेत दोन ओळींत उरकलेला इतिहास माणसाला असाच लक्षात राहतो.

त्या दोन ओळी अशा. ११ मार्च १७९५ रोजी पेशव्यांनी निजामअलीचा पराभव केला. कारण चौथाईच्या थकबाकीचं. गादीवर सवाई माधवराव, कारभार नाना फडणिसांचा, फौजेची सूत्रं परशुरामभाऊ पटवर्धनांकडे. शिंदे, होळकर, भोसले सगळे एका बाजूला उभे राहिले, ते शेवटचेच. निजाम आमच्या किल्ल्यात कोंडला गेला. दौलताबादचा किल्ला, मुलूख, तीन कोटी रुपये आणि स्वतःचा दिवाण मुशीरुल्मुल्क हवाली करण्याचं कबूल करून तो सुटला.

पण श्रोतेहो, ज्या किल्ल्यात तो कोंडला गेला, तो बांधला कुणी? १७४५च्या सुमारास, निंबाळकरांनी. जातिवंत मराठे, आणि निजामाचे सरदार. किल्ल्याच्या आत मशीद आहे. समोर शिंद्यांच्या कवायती पलटणींत मुसलमान शिपाई होते. निजामाकडे रेमंड नावाचा फ्रेंच आणि शिंद्यांकडे पेराँ, तोही फ्रेंच. यात ‘आपली माणसं’ वेगळी काढायला बसलं, तर निवडणाऱ्याचेच हाल होतील.

त्यात हा विजय टिकला किती? त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले. वारसाच्या भांडणात पुण्यात कैदेत असलेला मुशीरुल्मुल्क सुटला आणि मिळवलेलं बरंचसं परत घेऊन गेला. सात वर्षांनी, १८०२च्या ३१ डिसेंबरला, दुसऱ्या बाजीरावानं वसईला इंग्रजांशी तह केला. मला मात्र वेगळीच गोष्ट सुचते. मार्च म्हणजे आमच्याकडे ज्वारी काढणीचे दिवस. दोन अफाट फौजा, त्यांचे घोडे, बैल, हत्ती त्या रानांतून गेले. त्या साली खर्ड्यानं काय खाल्लं असेल? त्याचा पोवाडा कुणी रचलेला मला माहीत नाही.

माझे वडील नालबंद. बैल आडवा पाडायचा, चारी पाय बांधायचे आणि खुरांना पत्र्या ठोकायच्या, हा आमचा धंदा. इंग्रजांच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये खर्ड्याचा मंगळवारचा जनावरांचा बाजार जिल्ह्यातला सर्वांत मोठा म्हणून नोंदला आहे. वडिलांना वाचता येत नव्हतं. मी बी.ए.ला असताना तो मजकूर त्यांना मराठीत सांगितला, तर म्हणाले, ‘इंग्रजाला बी ठावं हुतं व्हय!’ लढाईचं त्यांना काही नव्हतं. बाजाराचा अभिमान होता, कारण त्यात त्यांचा हात होता. आमच्या पत्रीचा बैल पार बार्शीपर्यंत लंगडत नाही, असं ते बिनदिक्कत सांगायचे. घरी आम्ही दखनी बोलायचो, पण बैलाशी मात्र मराठीत.

तालुक्याचा दुसरा अभिमान लढाईइतका गाजत नाही. १९७०मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला आलं. तेव्हा या भागात जन्मलेल्या हजार मुलांतली पावणेदोनशेच्या आसपास पहिल्या वर्षातच जात. आरोळ्यांनी खेड्यांतल्या बायकाच निवडल्या, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. बाळंतपण कसं करायचं, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, हे त्यांना शिकवलं. वीस-बावीस वर्षांत तो आकडा तिसाच्या खाली आला. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून डॉक्टर शिकायला जामखेडला येऊ लागले. ज्या बाईच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, तिच्या हातात आपली लेक बाळंतपणाला दिली. मला विचाराल तर खर्ड्याच्या लढाईपेक्षा ही लढाई अवघड होती.

आणि मग २०१४.

त्या वर्षी २८ एप्रिलला आमच्या गावात सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला शाळेतून ओढून नेऊन मारलं गेलं. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढा संशय. प्रेत झाडाला लटकलेलं सापडलं. नोव्हेंबर २०१७मध्ये न्यायालयानं सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. फितूर हा शब्द आपण बखरींतून शिकलो. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणारा तो फितूर. त्याची नावं आपण पिढ्यानपिढ्या शिवीसारखी वापरतो. कोर्टाच्या बातमीत तोच शब्द आला, तेव्हा मात्र कुणाला त्याचा अर्थ विचारावासा वाटला नाही.

अशा वेळी कुठल्याही गावात एक वाक्य ऐकू येतं, ‘गावाची बदनामी नको.’ गावाचा अभिमान इथं तोंडावर हात ठेवायला वापरला जातो. १७९५ साली आमच्यापैकी कुणीही नव्हतं, तरी ‘आम्ही जिंकलो’ म्हणतो. २०१४ साली सगळे होतो, आणि तिथं ‘आम्ही’ कुणी म्हणत नाही, तिथं ‘ते लोक’ असतात. मला हा हिशेब पटत नाही. लढाई माझी असेल, तर तो मुलगाही माझा आहे.

२०२१च्या दसऱ्याला किल्ल्यावर चौऱ्याहत्तर मीटर उंचीचा भगवा स्वराज्यध्वज उभारला गेला. मोठी गर्दी जमली, दूरदूरची माणसं किल्ला बघायला आली, त्या निमित्तानं गावात चार पैसेही आले. वाईट वाटण्यासारखं त्यात काही नाही.

त्यानंतर केव्हातरी एका मंडळानं मला गावाचं गौरवगीत लिहायला सांगितलं. मी लिहिलं. लढाई घेतली, बाजार घेतला, बैल घेतले, सुईणी घेतल्या. एका कडव्यात तो मुलगाही घेतला. मंडळी सौजन्यानं बोलली, ‘भाई, बाकी झकास जमलंय, तेवढं कडवं काढा.’ मी म्हटलं, घ्यायचं तर सगळं घ्या. त्यांनी दुसऱ्याचं गाणं घेतलं. चाल चांगली होती, मीही टाळ्या वाजवल्या.

माझी कविता पुढं एका छोट्या दिवाळी अंकात आली. तालुक्यातल्या एका मास्तरांनी ती नववीच्या वर्गात वाचून दाखवली. त्यांनी फोनवर सांगितलं की लढाईबद्दल कुणी काही विचारलं नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, ‘सर, त्या मुलाचं नाव काय होतं?’

मास्तरांनी सांगितलं.